एपवर्थच्या पाळकाच्या घरांतील शाळा
(जॉन व चार्ल्स वेस्ली यांच्या मातोश्री सुसान्नाबाई वेस्ली यांचें चरित्र)

जॉन वेस्ली व चार्ल्स वेस्ली हीं नांवें आपल्या मंडळ्यांतील बहुतेकांस ठाऊक आहेत. थोरल्यानें घोड्यावर बसून इंग्लंडभर शुभवर्तमानाची घोषणा केली, व धाकट्यानें रचिलेलीं गीतें अनेक देशांतील मंडळ्या आजहि गात आहेत. परंतु ह्या दोघां भावांस पहिलें अक्षर कोणी शिकविलें, हात जोडून पहिली प्रार्थना कोणी म्हणावयास लाविली, हें थोड्यांसच ठाऊक असतें. तें काम कोणा नामांकित शाळेनें केलें नाहीं. एका आडबाजूच्या गांवीं, कर्जांत बुडालेल्या पाळकाच्या घरीं, त्यांच्या आईनें तें केलें. तिच्या शाळेस घंटा नव्हती व तपासनीसहि नव्हता. त्या बाईंचें चरित्र, आणि विशेषेंकरून त्यांच्या घराचा रोजचा क्रम, त्यांतील शिस्त, मौज व दुःख, वाचकांपुढें ठेवण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

सुसान्नाबाईंचा जन्म १६६९ सालीं लंडन शहरीं झाला. त्यांचे वडील डॉक्टर शमुवेल ॲनेस्ली हे मोठे विद्वान उपदेशक होते. राजाच्या कायद्यानें ठरविलेली उपासनापद्धति त्यांच्या मनास पटेना, म्हणून १६६२ सालीं त्यांस आपली मंडळी सोडावी लागली. त्यांच्या पंचवीस मुलांत सुसान्ना ही शेवटची. घरांत पुस्तकें पुष्कळ आणि बोलणें सदा धर्माचें, त्यामुळें मुलगी लहानपणींच विचार करूं लागली. वयाची तेरा वर्षें पुरीं होण्याच्या सुमारास तिनें दोन्ही बाजूंचीं मतें आपल्याशीं ताडून पाहिलीं, आणि ज्या राष्ट्रीय मंडळींतून बाप बाहेर पडला होता तिच्यांतच परत जाण्याचें ठरविलें. बापानें ह्यावरून तिच्यावर रोष धरिला नाहीं. मुलीस विचार करावयास शिकविल्यावर तिचा विचार आपल्याहून वेगळा निघाला, तर तो सोसण्याचा मोठेपणा त्याच्या ठायीं होता.

१६८८ च्या नोव्हेंबर महिन्यांत त्यांचा विवाह शमुवेल वेस्ली ह्या तरुणाशीं झाला. हे गृहस्थ विद्वान, कवि व मनाचे सरळ होते. पण तापट होते, व पैशाचा हिशेब त्यांस कधीं साधला नाहीं. कांहीं वर्षांनीं लिंकनशर परगण्यांतील एपवर्थ ह्या गांवीं त्यांची नेमणूक झाली, व तेथेंच त्यांचें उरलेलें आयुष्य गेलें. तो मुलूख सखल व दलदलीचा. लोक गरीब व रागीट. पाळकानें निवडणुकींत आपल्या विरुद्ध बाजूस मत दिलें म्हणून गांवकऱ्यांनीं एकदां त्यांच्या घराभोंवतीं रात्रभर दंगा केला. पुढें गोठ्यांतील गायींस शस्त्रांनीं भोसकलें, म्हणून मुलांचें दूध बंद झालें. १७०५ सालीं तीस पौंडांहून कमी अशा एका कर्जापायीं पाळकसाहेबांस लिंकनच्या किल्ल्यांतील तुरुंगांत कित्येक महिने बसावें लागलें. बाईंजवळ रोकड नव्हती. त्यांनीं बोटांतील आंगठ्या काढून नवऱ्याकडे पाठविल्या. त्यानें त्या परत पाठविल्या. पुढें यॉर्कचे मुख्य बिशप शार्प यांनीं घरीं कधीं भाकरीची वाण पडली कीं काय असें विचारिलें, तेव्हां बाईंनीं उत्तर दिलें कीं भाकरी अगदींच नाहीं असें कधीं झालें नाहीं, परंतु ती मिळविण्यापूर्वींची काळजी आणि खाल्ल्यानंतर पैसे फेडण्याची काळजी एवढी असे कीं तिची चव पुष्कळदां उरत नसे.

ह्या दंपत्यास एकोणीस मुलें झालीं. त्यांपैकीं नऊ तान्हेपणींच वारलीं. वांचलीं तीं दहा: थोरला शमुवेल, मग एमिली, सुकी, मॉली, हेटी व नॅन्सी ह्या मुली, मग जॉन, ज्याला घरांत जॅकी म्हणत, मग पॅटी, चार्ल्स आणि सर्वांत धाकटी केझी. मॉली लहानपणीं पडल्यामुळें जन्माची अधू झाली होती. नवराबायकोचें सदा एकमत होतें असेंहि नाहीं. विल्यम राजासाठीं केलेल्या प्रार्थनेस बायको आमेन म्हणत नाहीं, हें एकदां पाळकसाहेबांच्या ध्यानांत आलें. विल्यम हा खरा राजा नव्हे असें तिचें मत होतें. एवढ्यावरून पाळकसाहेब घर सोडून लंडनला निघून गेले, व कित्येक महिने दोघें विभक्त राहिलीं. पुढें समेट झाला, आणि समेटानंतर १७०३ सालीं जॉनचा जन्म झाला. हें सांगण्याचें कारण इतकेंच कीं ज्या घराचें वर्णन पुढें यावयाचें आहे, तें देवदूतांचें घर नव्हतें. आपल्यासारख्याच माणसांचें होतें.

आतां त्या घरांतील शाळेकडे वळूं. मुलास पांच वर्षें पुरीं होईपर्यंत बाई त्यास अक्षर दाखवीत नसत. पांचवा वाढदिवस झाला कीं दुसऱ्या दिवशीं त्याची शाळा सुरू होई. त्या दिवसासाठीं आदल्या दिवशींच घर आवरून ठेवीत, प्रत्येकास आपापलें काम नेमून देत, आणि सकाळीं नऊपासून बारापर्यंत व दुपारीं दोनपासून पांचपर्यंत त्या खोलींत कोणीहि पाऊल टाकूं नये अशी सक्त ताकीद असे. एका दिवसांत मुळाक्षरें शिकावयाचीं, हा नियम. सर्व मुलांनीं तो पाळला. फक्त मॉली व नॅन्सी यांस दीड दिवस लागला, म्हणून त्या मंद आहेत असें आईस वाटलें. पुढें इतरांच्या मुलांस अक्षरें येण्यास किती काळ लागतो हें पाहिल्यावर तिनें आपलें मत बदललें.

अक्षरें आलीं कीं बालबोध पुस्तक वगैरे कांहीं नाहीं. एकदम पवित्र शास्त्र उघडून उत्पत्तीचा पहिला अध्याय. पहिल्या वचनांतील शब्द एकेक अक्षर लावून वाचावयाचे, मग तेंच वचन अडखळल्यावांचून येईपर्यंत पुनः पुनः वाचावयाचें, मग दुसरें वचन. थोरला शमुवेल जवळजवळ पांच वर्षांचा होईपर्यंत बोललाच नव्हता; आईबापांस मोठी चिंता होती. तोच मुलगा फेब्रुवारींत शिकावयास बसला आणि पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत एक अध्याय चांगला वाचूं लागला.

तथापि सर्वच धडे असे चटकन् होत नसत. एकदां पाळकसाहेब जवळ बसून मोजीत होते. बाईंनीं एका मुलास एकच गोष्ट वीस वेळां सांगितली. पाळकसाहेब चकित झाले, व इतका धीर कसा राहतो म्हणून विचारूं लागले. बाईंनीं शांतपणें सांगितलें कीं मीं एकोणीस वेळां सांगून सोडून दिलें असतें तर तेवढे सर्व श्रम फुकट गेले असते. विसाव्या वेळीं मुलास समजलें. शब्बाथशाळेंत तोच प्रश्न, तेंच वचन, आणि तोच विसरणारा मुलगा ज्यांच्या वांट्यास येतो, त्या आपल्या उपदेशकबंधूंनीं ही गोष्ट मनांत सांठवून ठेवावी.

त्या घरांतील आणखी एक नियम त्या काळीं नवलाचा होता. मुलीस चांगलें वाचतां येऊं लागेपर्यंत तिच्या हातीं शिवणाची सुई द्यावयाची नाहीं. मुली शिवण लवकर शिकतात म्हणून त्यांचें वाचन राहून जातें, आणि म्हणूनच बायकांस ऐकण्यासारखें वाचतां येत नाहीं, असें बाईंचें म्हणणें असे. मुलगे पुढें लंडनच्या मोठ्या शाळांत गेले. मुलींस मात्र ही घरची शाळा हीच काय ती शाळा. पण तिच्यांत हेटी इतकी तयार झाली कीं आठव्या वर्षीं ती ग्रीक नवा करार वाचूं लागली, आणि एमिलीनें मोठेपणीं स्वतःची मुलींची शाळा चालविली.

दिवसाचा क्रम ठरलेला होता. मूल बोलूं लागलें कीं सकाळीं उठतांना व रात्रीं निजतांना प्रभूची प्रार्थना म्हणावयाची. ज्यास बोलतांहि येत नसे, तें ताटावर बसल्यावर हाताच्या खुणेनें आशीर्वाद मागावयास शिके. लहानांसाठीं मोठ्या मेजाजवळ लहानसें मेज मांडलेलें असे; सुरीकांटा धरतां आला कीं मोठ्या मेजावर बढती मिळे. जें वाढलें असेल तें खावयाचें, मधल्या वेळीं कांहीं मागावयाचें नाहीं. ह्या संवयीचा एक फायदा असा झाला कीं आजारांत कडू औषधहि हीं मुलें कुरकुर न करितां घेत. चाकरमाणसांजवळ कांहीं मागणें असलें तर तें विनंतीच्या शब्दांनीं मागावें. भावाबहिणींनीं एकमेकांस नुसत्या नांवानें हांक मारूं नये; आपल्याकडे दादा, ताई म्हणतात त्याप्रमाणें नांवाआधीं भाऊ किंवा बहीण असा शब्द लावावा. संध्याकाळीं सहा वाजतां कौटुंबिक प्रार्थना, मग जेवण, सात वाजतां हातपाय धुणें, आणि आठ वाजतां सर्व अंथरुणांत. झोंप येईपर्यंत कोणी उशाशीं बसत नसे.

शिक्षेविषयींचे नियमहि बाईंनीं विचारपूर्वक ठरविले होते. मार चुकविण्यासाठीं मुलें खोटें बोलतात हें पाहून त्यांनीं असें ठरविलें कीं जो आपला अपराध खरेपणानें कबूल करील व सुधारण्याचें वचन देईल त्यास मार मिळणार नाहीं. एका अपराधासाठीं दोनदां शिक्षा होणार नाहीं, आणि मूल सुधारल्यावर तो अपराध त्यास पुन्हां कधीं बोलून दाखवावयाचा नाहीं. कोणाची टांचणी किंवा दमडीहि त्याच्या परवानगीवांचून घ्यावयाची नाहीं. दिलेलें वचन मोडावयाचें नाहीं, दिलेली वस्तु परत मागावयाची नाहीं. आणि मुलानें आईबापांस संतोष व्हावा म्हणून कांहीं केलें व तें नीट साधलें नाहीं, तरी त्याचा हेतु पाहून तें प्रेमानें स्वीकारावें व पुढें कसें करावें तें दाखवावें.

छडीहि होती, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. मुलाची हट्टी इच्छा लहानपणींच मोडली पाहिजे असें त्या काळचे लोक मानीत, आणि बाईहि तसेंच मानीत. वर्षाच्या मुलास हळू रडावयास शिकवीत. आज आपण तेवढा भाग उचलण्याचें कारण नाहीं. ज्या गोष्टीनें त्या घराला घरपण आलें ती छडीहून वेगळी होती.

ती गोष्ट अशी कीं बाईंनीं आठवड्यांतील प्रत्येक संध्याकाळ एकेका मुलासाठीं राखून ठेविली होती. सोमवार मॉलीचा, मंगळवार हेटीचा, बुधवार नॅन्सीचा, गुरुवार जॅकीचा, शुक्रवार पॅटीचा, शनिवार चार्ल्सचा; आणि रविवारीं एमिली व सुकी. त्या वेळीं आई त्या एकट्या मुलाजवळ बसे, त्याच्या मनांतलें ऐके, व त्याच्या आत्म्याविषयीं त्याच्याशीं बोले. घरांत इतकीं मुलें, कर्ज डोक्यावर, प्रकृति नाजूक, तरी ज्याची त्याची संध्याकाळ त्यालाच मिळे. १७३२ सालीं जॉन हा ऑक्सफर्डच्या विद्यापीठांत अध्यापक होता, वय जवळजवळ तीस वर्षें. तेव्हां त्यानें आईस पत्र लिहून मागितलें तें हेंच, कीं पूर्वींच्या त्या गुरुवारच्या संध्याकाळचा थोडा वेळ आतां माझ्यासाठीं प्रार्थना करण्यांत घालवावा. त्याच वर्षीं त्याच्या आग्रहावरून बाईंनीं आपल्या शिक्षणपद्धतीचें सविस्तर पत्र त्यास लिहिलें. वर दिलेली माहिती पुष्कळ अंशीं त्या पत्रामुळेंच आपणांस मिळाली आहे.

वाचकांपैकीं कोणी म्हणेल, ह्या घरांत मुलें कधीं हंसत तरी होतीं काय? होतीं. शाळेच्या सहा तासांत मोठ्यानें बोलण्याची मनाई होती, परंतु शाळा सुटल्यावर मुलांच्या खोलींत धिंगाणा चाले. एकदां बाई आंत आल्या तों सर्व मुलें खेळांत दंग; एकटी पॅटी गंभीर बसलेली. बाई म्हणाल्या कीं तुम्हीं सर्व एके दिवशीं ह्याहून गंभीर व्हाल. पॅटीनें विचारिलें, मी सुद्धां काय? आईनें हंसून नाहीं म्हणून सांगितलें, कारण त्या मुलीस ह्याहून अधिक गंभीर होण्यास जागाच नव्हती. जॅकीची निराळीच तऱ्हा. कोणी त्यास मधल्या वेळीं फळ किंवा भाकरीचा तुकडा देऊं केला, तर तो मोठ्या माणसासारखा आभार मानून विचार करून सांगतों म्हणे. पाळकसाहेब स्वतः विनोदी कवि. तरुणपणीं त्यांनीं डुकराच्या गुरगुरण्यासारख्या विषयांवर कविता रचून त्यांचें पुस्तक छापलें होतें. बापाचें हें काव्याचें वेड मुलांतहि उतरलें. शमुवेल, हेटी, जॉन व चार्ल्स हीं सर्व पुढें कवि झालीं.

अशा रीतीनें घडी बसली असतां १७०९ सालच्या ९ फेब्रुवारीच्या रात्रीं घरास आग लागली. घर लांकडाचें व गवतानें शाकारलेलें. बाई त्या वेळीं गरोदर होत्या. ज्वाळांतून वाट काढीत त्या बाहेर आल्या, हात व तोंड होरपळलें. दाईनें तान्ह्या चार्ल्सला उचललें व इतरांस मागें येण्यास सांगितलें. पण पांच वर्षांचा जॅकी झोपेंतच मागें राहिला. बापानें जिन्यावरून वर जाण्याचा यत्न केला, पण जिना जळत होता. तेव्हां त्यानें गुडघे टेकून मुलाचा आत्मा देवाच्या हातीं सोंपविला. इतक्यांत मुलगा जागा होऊन पेटीवर चढून खिडकींत उभा राहिलेला लोकांस दिसला. शिडी आणण्यास वेळ नव्हता. एक मनुष्य दुसऱ्याच्या खांद्यांवर उभा राहिला व त्यानें मुलास ओढून काढिलें. त्याच क्षणीं छप्पर आंत कोसळलें. पाळकसाहेबांनीं शेजाऱ्यांस गुडघे टेकावयास सांगून देवाचे आभार मानिले, कीं माझीं आठहि मुलें मला मिळालीं, घर गेलें तरी चिंता नाहीं.

परंतु घराबरोबर आणखीहि कांहीं गेलें. बाईंनीं लिहिलेले कागद जळाले, आणि निरनिराळ्या लोकांच्या घरीं मुलें वांटून द्यावीं लागलीं. घर विटांचें पुन्हां बांधून मुलें परत आलीं, तेव्हां आईस तीं ओळखूं येतना. बोलणें गांवढळ झालें होतें, नको तीं गाणीं तोंडीं बसलीं होतीं, प्रभूच्या दिवसाचा मान सुटला होता. कित्येक वर्षें खपून घातलेली वीण एका रात्रींत उसवली होती. ही वेळ बाईंच्या खऱ्या कसोटीची होती. त्यांनीं मुलांस दोष देत बसण्यांत दिवस घालविले नाहींत. पुन्हां पहिल्यापासून आरंभ केला, आणि त्यांत एक नवी गोष्ट घातली: शाळा भरतांना व सुटतांना स्तोत्र गावयाचें. संध्याकाळीं पांच वाजतां थोरल्या मुलानें सर्वांत लहान बोलक्या मुलास घ्यावें, दुसऱ्यानें त्याच्या वरच्यास, आणि अशा जोड्यांनीं बसून त्या दिवसाचीं स्तोत्रें व नव्या करारांतील एक अध्याय वाचावा, असाहि क्रम घातला. शिकलेल्यानें न शिकलेल्यास घेऊन बसावें, ही युक्ति गरीब घरास फार उपयोगाची आहे, कारण तिला पैसा लागत नाहीं. तें विटांचें घर आजहि एपवर्थ येथें उभें आहे.

१७११ सालच्या हिंवाळ्यांत पाळकसाहेब धर्मगुरूंच्या सभेसाठीं लंडनला गेले. त्या सुमारास एमिलीस बापाच्या खोलींत एक पुस्तक सांपडलें. त्यांत आपल्या हिंदुस्थानची हकीकत होती! डेन्मार्कच्या राजानें पाठविलेले झीगनबाल्ग व प्लुत्शाउ हे मिशनरी १७०६ सालीं तमिळ मुलखांत त्रांकेबार येथें उतरले, त्यांच्या कामाचें तें वृत्त होतें. एमिलीनें तें आईस वाचून दाखविलें. कित्येक दिवस बाईंस दुसरें कांहीं सुचेना. मी पुरुष नाहीं, उपदेशक नाहीं, तरी जें करितें त्याहून कांहीं अधिक करूं शकेन, असें त्यांच्या मनानें घेतलें. मुलांच्या संध्याकाळी वांटून दिल्या त्या ह्याच वेळीं. आणि रविवारीं संध्याकाळीं मुलांसाठीं व चाकरांसाठीं घरांत उपासना होई, तिला एका चाकराचे आईबाप आले, मग शेजारी आले, आणि शेवटीं दोनशेंहून अधिक लोक जमूं लागले. खोल्या भरून लोक दारांत उभे राहत. सहायक पाळकास हें खपेना. त्यानें लंडनला तक्रार लिहिली. बाईंनीं नवऱ्यास उत्तर धाडिलें कीं बंद करणें असेल तर नुसता सल्ला देऊं नका, स्पष्ट हुकूम द्या, म्हणजे ख्रिस्ताच्या न्यायासनापुढें ह्या लोकांचा जाब मला द्यावा लागणार नाहीं. पाळकसाहेबांनीं तसा हुकूम दिला नाहीं. आमच्या देशांतील पहिल्या प्रॉटेस्टंट मिशनचा दिवा पेटला, आणि त्याचा उजेड इतक्या दूर एका आईच्या स्वयंपाकघरांत पडला, हें वाचून आपणांस आनंद वाटल्यावांचून राहणार नाहीं.

ह्याच घरांतील आणखी एक हकीकत सांगण्याजोगी आहे. १७१६ च्या डिसेंबरपासून जवळजवळ दोन महिने घरांत चमत्कारिक आवाज होऊं लागले. कधीं दारावर ठोके, कधीं कण्हणें, कधीं जिन्यावर पावलें. मोठा कुत्रा भिऊन माणसांच्या आड लपे. बाईंस प्रथम उंदीर वाटले, म्हणून त्यांनीं शिंग फुंकविलें. कांहीं उपयोग झाला नाहीं. पाळकसाहेबांनीं त्या आवाजास खडसावून सांगितलें कीं लेंकरांस काय भिवडवितोस, माझ्या खोलींत मजकडे ये. कारण काय होतें हें शेवटपर्यंत कोणास कळलें नाहीं. परंतु लक्षांत ठेवण्याची गोष्ट अशी कीं घरांत कोणी मांत्रिक बोलाविला नाहीं, घर सोडिलें नाहीं, प्रार्थनेची वेळ चुकविली नाहीं. मुलींनीं त्या आवाजास म्हातारा जेफ्री असें नांव ठेविलें, आणि प्रथमची भीति ओसरल्यावर धाकट्यांची ती एक करमणूकच झाली. भुताखेतांच्या भयानें ज्यांचीं मुलें संध्याकाळीं उंबरठ्याबाहेर पाऊल टाकीत नाहींत, त्यांनीं हा कित्ता घ्यावा.

इतकें सांगून थांबलों तर लेख गोड होईल, पण खरा होणार नाहीं. सर्वांत बुद्धिमान मुलगी जी हेटी, तिचें पाऊल १७२५ सालीं चुकलें. एका मनुष्यावर विश्वास ठेवून ती घर सोडून गेली, व तो लग्न करीना म्हणून परत आली. बापानें तिला तोंड दाखवूं दिलें नाहीं. तिच्या विद्येस व स्वभावास न साजेशा अशा एका नळकाम करणाऱ्या मनुष्याशीं घाईनें तिचें लग्न लावण्यांत आलें, आणि तिचें आयुष्य दुःखांत गेलें. आईनेंहि प्रथम मन कठोर केलें. ज्या घरांत कबूल केलेला अपराध पुन्हां बोलून दाखवावयाचा नाहीं असा नियम होता, त्या घरानें तो नियम टांचणी चोरणाऱ्या बाळास लाविला, पण रडत परत आलेल्या थोर मुलीस लाविला नाहीं. एका भावास मात्र तो आठवला. १७२६ सालीं जॉननें जवळच्या गांवीं बापाच्याच व्यासपीठावरून अपराध्यांवरील प्रीतीविषयीं उपदेश केला. बापास राग आला तरी त्यानें बहिणीची बाजू सोडिली नाहीं. आईनें शिकविलेला धडा आईबाप विसरले, तेव्हां मुलाच्या तोंडून तो त्यांस परत ऐकावा लागला.

जॉनच्या हातूनहि एक चूक झाली. १७४८ सालीं किंग्जवुड येथें त्यांनीं मुलांची शाळा काढली, आणि तींत खेळास मुळींच वेळ ठेविला नाहीं. मुलें तो नियम पाळीत नाहींत अशी तक्रार त्यांस पुढें वृद्धपणींहि करावी लागली. आईचें घड्याळ त्यांच्या लक्षांत राहिलें. पांच वाजल्यानंतरचें हंसणें राहिलें नाहीं.

१७३५ सालीं पाळकसाहेब वारले. त्याच वर्षीं जॉन व चार्ल्स यांस अमेरिकेंतील जॉर्जिया वसाहतींत जाण्याचें बोलावणें आलें. विधवा आईस टाकून कसें जावें म्हणून जॉननें विचारिलें. मला वीस पुत्र असते व ते सर्व अशा कामास गेले असते तरी मला आनंदच झाला असता, असें तिनें सांगितल्याचें प्रसिद्ध आहे. त्यानंतर त्या निरनिराळ्या मुलांकडे राहिल्या, व १७३९ पासून लंडन येथें जॉनच्या फाउंडरी नांवाच्या उपासनागृहांत राहूं लागल्या. तेथें टॉमस मॅक्सफील्ड नांवाचा एक तरुण, पाळकपदाची दीक्षा झालेली नसतां, जॉनच्या गैरहजेरींत उपदेश करूं लागला. जॉन तें बंद पाडण्यासाठीं धांवत आले. वृद्ध आईनें त्यांस थांबविलें, आणि सांगितलें कीं तुला जसें देवाचें पाचारण आहे तसें त्यासहि आहे; फळें पाहा, स्वतः ऐक, मग ठरीव. जॉननीं ऐकिलें, आणि त्या दिवसापासून दीक्षा न झालेल्या उपदेशकांस त्यांच्या कार्यांत जागा मिळाली. खेड्यापाड्यांतून वचन सांगणाऱ्या आमच्या उपदेशकबंधूंनीं ह्या म्हातारीचें स्मरण ठेवावें.

१७४२ च्या जुलै महिन्यांत सुसान्नाबाईंचा अंतकाळ आला. जॉन व हयात असलेल्या पांचहि मुली बिछान्याभोंवतीं होत्या. अर्थात् हेटीहि होती. माझी सुटका होतांच तुम्हीं देवाच्या स्तुतीचें स्तोत्र गा, एवढेंच त्यांचें शेवटचें मागणें होतें. प्राण गेल्यावर मुलांनीं उभें राहून तें गाइलें. तीच मुलें लहानपणीं शाळा सुटतांना स्तोत्र गात असत. लंडनच्या बनहिल फील्ड्स ह्या दफनभूमींत त्यांची कबर आहे.

प्रिय वाचकहो, बाईंसारखे सहा तास आपणांपैकीं थोड्यांसच मिळतील. शेतावरून परत येऊन चूल पेटविणाऱ्या आईस तें साधेलच असें नाहीं. परंतु आठवड्यांतून एका मुलास एक संध्याकाळ देणें, विसाव्या वेळीं सांगण्याचा धीर धरणें, आणि चुकून परत आलेल्या लेंकरास दार उघडणें, ह्या तीन गोष्टींस ना पैसा लागतो, ना मोठें घर. आज रात्रीं दिवा मालवण्यापूर्वीं आपल्या मुलांपैकीं कोणाशीं आपण पुष्कळ दिवसांत एकांतीं बोललों नाहीं, हें प्रत्येक आईबापानें आठवून पाहावें, आणि उद्यांची संध्याकाळ त्याची करावी.